‘हवाई यथादर्शन’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : डोंगर आणि पाण्याच्या निसर्गचित्रात मागच्या रांगा फिकट, निळसर होत जातात. सपाट चित्रात अंतर दाखवण्याच्या रीतीला यथादर्शन म्हणतात; मग या ‘एरियल पर्स्पेक्टिव्ह’ला मराठीत ‘हवाई यथादर्शन’ म्हटलेले चालेल का?

टाळावे असे माझे मत आहे. हवाई पाहणी, हवाई छायाचित्र... मराठीत ‘हवाई’ म्हटले की आपण वर जाऊन खाली बघू लागतो. त्या दृश्यासाठी ‘विहंगम’ हा सुरेख शब्द आहेच. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांतल्या याच अर्थाच्या इटालियन संज्ञेतली हवा मात्र डोळा आणि डोंगर यांच्या मधली आहे. म्हणून ‘वातावरणीय यथादर्शन’. जड आहे खरा, पण वाचणाऱ्याला चकवत नाही.

रंग लावताना मात्र ही संज्ञा फारशी कामाला येत नाही. तिथे आपले रोजचे शब्द जास्त नेमके आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी वापरले जातात याचे वाईट वाटते. ‘फिकट’ रंगाला लागते, ‘पुसट’ रेषेला किंवा कडेला. ‘अंधुक’ म्हणजे उजेडच अपुरा. ‘धूसर’ म्हणजे मध्ये काहीतरी पसरले आहे. संस्कृतात त्याचा अर्थ धुळीच्या रंगाचे, राखाडी.

हा फरक डोंगरावर ताडून पाहा. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरतात, त्यामुळे लांबच्या गडद डोंगरावर निळी झाक चढते. धुक्याचे थेंब त्या मानाने खूप मोठे; ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. म्हणून पाण्यालगतचा, धुक्यातला पायथा पांढुरका दिसतो आणि धुक्याच्या वर राहिलेल्या माथ्याची कड शाबूत राहते. जलरंगात माथा कोरड्या कागदावर रेखावा आणि रंग ओला असतानाच स्वच्छ पाण्याचा ब्रश पायथ्याकडे फिरवून तो विरळ करावा. असा डोंगर वर फिकट आहे, पुसट नाही. धूसर आहे तो खाली. या तिन्ही शब्दांच्या जागी ‘अस्पष्ट’ लिहिले, तर शिकणारा माथाही पुसून टाकेल.

‘खोली’बद्दलही जपावे. पाण्याच्या चित्राविषयी ‘तळ्याला छान खोली आली आहे’ असे लिहिले, तर पाणी खोल वाटते की पलीकडचा काठ लांब, हे कळत नाही. तिथे ‘दूरपणा’ लिहावे.