आधी थांबू द्या, मग पळू द्या: जुन्या मसल कारबद्दल वाचकांचे प्रश्न

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, असते, आणि त्यानंतर महिनाभर माझ्याकडे पत्रांची रीघ लागते. दिवसभर रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून जीटीओ, शेव्हेल आणि चार्जर अशा मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन मसल कार बघून घरी गेलं, की गॅरेजात झाकून ठेवलेली स्वतःची गाडी माणसाला झोपू देत नाही. या वेळची सहा पत्रं घेते आहे. माझी सगळी नोकरी ब्रेकच्या सुट्या भागांच्या कामात गेली. त्यामुळे कुठल्याही गाडीकडे मी आधी चाकाच्या आत बघते, हे वाचताना ध्यानात असू द्या.

ताई, माझी 1966 ची मस्टँग आहे. 289 घनइंचांचं व्ही-8 इंजिन, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. न्यू जर्सीतल्या एडिसनहून रोज ऑफिसला हीच गाडी न्यायची इच्छा आहे. थोडे पैसे साठवलेत. इंजिनाचं काम आधी काढू का?

नको. ते पैसे आधी ब्रेकवर घाला.

तुमच्या गाडीचा मास्टर सिलेंडर, म्हणजे पॅडलचा दाब ऑइलमार्फत चाकांकडे पाठवणारा भाग, एकाच कप्प्याचा आहे. चारही चाकं त्या एकाच डब्यातल्या ब्रेक ऑइलवर थांबतात. कुठल्याही एका चाकाचा व्हील सिलेंडर गळला किंवा एखादी नळी गंजून फुटली, की चारही ब्रेक एकदम जातात. पुढच्याच साली, 1967 मध्ये, दोन कप्पे आले. पुढच्या चाकांचा एक, मागच्यांचा एक. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते.

हे मी स्वतः भोगलेलं आहे. माझ्याकडे 1965 ची एक गाडी होती, ब्रेक असेच. एका संध्याकाळी सिग्नलला पाय दाबला तर पॅडल मऊ लागलं. पाय उचलून पुन्हा दाबला, तर ते थेट खाली पाट्याला टेकलं. हँडब्रेक ओढत ओढत गाडी कशीबशी कडेला घेतली. खाली वाकून बघितलं तर मागच्या डाव्या टायरची आतली बाजू ओली चकचकीत झालेली, आणि बोटाला तो गोडसर, तेलकट वास. व्हील सिलेंडरमधल्या नखाएवढ्या रबराच्या वाटीनं दगा दिला होता. आदल्याच आठवड्यात मी त्या गाडीला नवा कार्ब्युरेटर बसवला होता. कामाचा क्रम चुकला होता, आणि चूक माझीच होती.

म्हणून पहिलं काम दोन कप्प्यांचा मास्टर सिलेंडर, सगळ्या नळ्या आणि रबरी होज नवे. त्याच वेळी पुढे डिस्क बसवा. किट घेण्याआधी ते तुमच्या मूळ 14 इंची चाकात बसतं का ते विचारा, कारण पुष्कळ किटांना 15 इंची चाक लागतं. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलेंडरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या लाइनीत राहिली तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं. मागच्या ड्रमसाठी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (मागचा दाब कमी ठेवणारी झडप) लागेल, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरेल.

ब्रेकनंतर पट्टे. अमेरिकेत छत असलेल्या गाड्यांना पुढच्या सीटवर खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला तो 1 जानेवारी 1968 पासून, त्यामुळे तुमच्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा आहे. तीन टोकांचा घाला, आणि त्याची वरची खीळ पातळ पत्र्यात न ठोकता मागे जाड पट्टी लावून घट्ट करा.

मग वळणं. या गाड्यांचं अलाइनमेंट त्या काळच्या बायस-प्लाय (तिरकस धाग्यांच्या) टायरांसाठी ठरवलेलं होतं. आज तुम्ही रेडियल वापरता. अलाइनमेंटवाल्याला जुन्या पुस्तकातले आकडे न देता साधारण अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला) आणि तीन अंशांच्या आसपास पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक वळण्याचा अक्ष वरून मागे झुकलेला) मागा. पुढचा वरचा कंट्रोल आर्म (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा दांडा) एक इंच खाली घेण्याची जुनी युक्ती फोर्डच्याच क्लाउस आर्निंग या इंजिनिअरची. ड्रिलनं चार भोकं पाडायची आहेत, खर्च जवळपास नाही, पण वळणावर गाडी पूर्वीसारखी बाहेर ढकलली जात नाही.

आणि विम्याचा कागद वाचा. ठरलेल्या किमतीच्या क्लासिक पॉलिसीत रोज ऑफिसला जाणं बहुतेक वेळा बसत नाही. न्यू जर्सीची जुन्या गाड्यांसाठीची क्यूक्यू नंबरप्लेटही प्रदर्शनासाठी आहे, नोकरीच्या प्रवासासाठी नाही. साधी प्लेट घ्या.

1968 ची कॅमेरो एसएस, मूळ 350 इंजिन. सॅन होजेमधले मित्र म्हणतात ते काढून ट्रकमधलं एलएस (जनरल मोटर्सचं नव्या पिढीचं व्ही-8) टाक. काय करावं?

आधी कागदावरची गंमत सांगते. तुमच्या 350 ची ताकद 1968 मध्ये 295 अश्वशक्ती छापलेली होती. 2004 ते 2006 च्या सिल्व्हराडो ट्रकमधलं 5.3 लिटरचं इंजिन, जे मित्र सुचवत असणार, तेही 295 चं. आकडा तोच, माप वेगळं. तेव्हा इंजिन स्टँडवर ठेवून मोजायचे, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही. 1972 पासून अमेरिकी कंपन्या सगळं जोडून मोजायला लागल्या. त्यामुळे ट्रकचं इंजिन खरोखर बरंच जोरकस आहे, शिवाय थंडीत एका चावीत सुरू होतं आणि ॲव्हरेजही जास्त देतं. मित्र चुकीचं सांगत नाहीत.

तरी माझं उत्तर थांबा असं आहे. बोनेट उघडा, टॉर्च घ्या आणि उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवरची सपाट पट्टी केरोसिनच्या फडक्यानं हळूच पुसा. तारेचा ब्रश लावू नका. तिथे इंजिनाचा कोड ठोकलेला असतो, आणि गाडीच्या चासिस नंबरातले शेवटचे आकडे तिथे किंवा ऑइल फिल्टरजवळ. ते डॅशबोर्डवरच्या नंबराशी जुळले तर तुमच्याकडे कारखान्यातून निघालेली जोडी शाबूत आहे. ती एकदा मोडली की पुन्हा जुळत नाही. आणि रिबिल्डला दिलंत तर मशीन शॉपला लेखी सांगा की ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग तासायचा नाही. त्यात ती पट्टीही तासली जाते आणि आकडे कायमचे जातात.

आकडे जुळत नसतील तर खुशाल एलएस टाका. पण नुसत्या इंजिनाच्या किमतीवर जाऊ नका. ट्रकचं ऑइल पॅन तुमच्या क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीला) अडतं, ते बदलावं लागेल. नवी माउंटं, हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या), वायरिंग, कॉम्प्युटर आणि कार्ब्युरेटरच्या सहा-सात पीएसआय दाबाऐवजी 58 पीएसआय देणारा फ्युएल पंप. स्वस्त इंजिनाचं बिल तिथे फुगतं. तुमच्या कॅलिफोर्नियात 1975 आणि आधीच्या गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी लागत नाही, तेवढा मार्ग मोकळा आहे.

आकडे जुळले आणि तरीही रोज पळवायची असेल, तर मूळ इंजिन उतरवा, सिलेंडरमध्ये तेल सोडा, तोंडं बंद करा आणि स्टँडवर जपून ठेवा. नवीन बसवताना गाडीचा पत्रा कुठेही कापू नका. बोल्टनं बसवलेलं बोल्टनं निघतं.

1969 ची शेव्हेल, 396. ऑस्टिनच्या उन्हात सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा 220 फॅरनहाइटच्या पुढे. रेडिएटर बदलू?

हायवेवर काटा खाली येतो का? येत असेल तर रेडिएटर बहुधा ठीक आहे, हवा कमी पडते आहे. पंख्याभोवतीचा श्राउड (हवा रेडिएटरमधून ओढायला लावणारं कडं) जागेवर आहे ना बघा. पुष्कळ गाड्यांतून तो कधीच काढून फेकलेला असतो. पंख्याची पाती अर्धी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर हवीत. उलट हायवेवर काटा चढत असेल तर रेडिएटर आतून बुजलेला आहे, किंवा खालचा होज पंपाच्या ओढीनं आत दबतो आहे. त्या होजमध्ये स्प्रिंग आहे का ते दाबून बघा.

इग्निशनही तपासा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी कुणी काढून ठेवली असेल तर आयडलला ठिणगी उशिरा पडते आणि उष्णता थेट हेडमध्ये जाते. दोन डॉलरची नळी जोडल्यावर काटा जागेवर आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल, तर कारण पेट्रोल आहे. आजच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल असतं आणि कार्ब्युरेटरमध्ये ते लवकर उकळतं. कार्ब्युरेटरखाली फिनॉलिकचा (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) जाड स्पेसर घाला आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्या. जुने रबरी पाइपही याच पेट्रोलनं फुगतात आणि चिरतात. इथेनॉल सोसणारे घ्या, कारण ते चिरले की गाडीला आग लागते.

पुण्यात आजोबांची 1965 ची अमेरिकन गाडी आहे. तिच्यात नवं इंजिन टाकून रोज चालवता येईल का?

कायद्यानं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेली कंपनीची मूळ वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ नंबरची वेगळी नोंदणी आली, पण तिची अटच गाडी मूळ रूपात असण्याची आहे, आणि रोजच्या वापराला त्या नंबरावर मुभा नाही. तुम्ही ब्रेकची रबरं, नळ्या, टायर, वायरिंग आणि पेट्रोलचे पाइप मूळ पद्धतीचे पण नवे घाला. आजोबांच्या गाडीची तेवढी सेवा पुरे आहे.

1969 ची प्लिमथ रोड रनर, 383, तीन गिअरची ऑटोमॅटिक, 3.55 चा मागचा ॲक्सल. क्लीव्हलंडहून शिकागोपर्यंत इंजिनाच्या आवाजानं कान फुटतात.

वेग मैलांत घ्या, त्याला ॲक्सलच्या रेशोनं आणि 336 नं गुणा, टायरच्या इंचांतल्या उंचीनं भागा. 70 मैलांवर 27 इंची टायरनं तुमचं इंजिन मिनिटाला जवळपास 3100 फेरे घेतं. शेवटचा गिअर सरळ एकास एक आहे, वर काही नाही.

गिअरबॉक्सच्या शेपटीला बोल्टनं बसणारं गिअर व्हेंडर्सचं ओव्हरड्राइव्ह 0.78 चं आहे. फेरे 2400 वर येतात. महाग आहे. दुसरा मार्ग मागच्या ॲक्सलचा रेशो 2.76 करण्याचा. फेरे तेवढेच, 2400, आणि खर्च पुष्कळ कमी, कारण तुमच्या आठ-तीन-चतुर्थांश इंची ॲक्सलचा मधला गोळा (डिफरन्शियल) सबंध निघतो. पण सिग्नलवरून उठतानाचा जोरही पाचव्या हिश्शाहून जास्त कमी होईल. रोड रनरचा पिकअप हाच तिचा जीव. मी पैसे साठवून ओव्हरड्राइव्ह घेतलं असतं. 2.76 केलंत तर स्पीडोमीटरचं छोटं प्लास्टिकचं गिअरही बदला, नाहीतर काटा खोटा बोलेल.

मी ॲन आर्बरला शिकतो. बाबांची 1970 ची नोव्हा आहे, 350, पुढे पॉवर डिस्क. मोठा कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) टाकला की उभ्या गाडीचा तो धडधड आवाज येतो, तो मला हवा आहे. टाकू का?

आधी व्हॅक्यूम गेज आण, वीस-पंचवीस डॉलरला मिळतं. मॅनिफोल्डला जोड आणि गाडी गरम झाल्यावर आयडलला वाच. चांगल्या स्थितीतलं 350 इंजिन पाऱ्याच्या 18 इंचांच्या आसपास दाखवतं. तुमच्या ब्रेकचा बूस्टर (पायाच्या जोरात भर घालणारा डबा) याच व्हॅक्यूमवर चालतो. जो कॅम आवाज देतो तोच व्हॅक्यूम खातो. तो 10 वर आला की पॅडल दगडासारखं होतं, आणि बाबा सवयीनं नेहमीएवढाच पाय दाबतील.

आवाजच हवा असेल तर एक्झॉस्टचे दोन सरळ पाइप आणि चांगले मफलर लाव, आणि कॅम आहे तोच राहू दे. कॅमच हवा असेल तर बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप त्याच दिवशी बसव, दुसऱ्या दिवशी नाही. पहिली फेरी मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये घे, बाबांना शेजारी बसव, आणि 20 मैलांवरून पाच वेळा थांबून बघ.