स्वतंत्र संचालकाची नोंदणी, परीक्षा आणि त्यानंतरचं सगळं

कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी नोकरीचा वा पैशांचा संबंध नसलेला संचालक, म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

चाकणच्या एका कारखान्यातून प्लँट हेड म्हणून निवृत्त झालो. एक खासगी संस्था दोन दिवसांच्या कोर्सनंतर 'प्रमाणित स्वतंत्र संचालक' असं प्रमाणपत्र देते. ते पुरेसं आहे का? (चिंचवड)

नाही. कोर्समधून शिकायला मिळत असेल तर जरूर करा, पण त्या कागदावर कोणतीही कंपनी तुमची नेमणूक करू शकत नाही. कंपनी कायदा २०१३च्या कलम १५०खाली स्वतंत्र संचालकांची एक डेटाबँक आहे आणि ती मानेसरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्स, म्हणजे आयआयसीए, सांभाळते. १ डिसेंबर २०१९पासून नियम असा आहे की नेमणुकीच्या आधी नाव या डेटाबँकेत हवं. आधी नेमणूक आणि मागाहून नोंदणी हा क्रम चालत नाही. असं झालं तर कलम १७२खाली दंड कंपनीला होतो आणि जबाबदार अधिकाऱ्यांनाही. तो ५०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि चूक चालू राहिल्यास रोज ५०० रुपयांनी वाढतो.

नोंदणी पूर्णपणे ऑनलाइन आहे. आकुर्डीच्या कंपनी निबंधक कार्यालयात खेटे घालू नका, हे काम तिथे होत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर लॉगिन तयार करायचं, तिथून डेटाबँकेच्या संकेतस्थळावर जायचं आणि पॅन, शिक्षण, अनुभव भरून शुल्क भरायचं. डिन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, नसला तरी नोंदणी होते. शुल्क एक वर्षासाठी ५,०००, पाच वर्षांसाठी १५,००० आणि आजीवन २५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हातातून अनुक्रमे ५,९००, १७,७०० आणि २९,५०० जातात. साठीच्या आसपास असाल आणि दहा वर्षं काम करायचा विचार पक्का असेल, तर आजीवन घ्या. पाच-पाच वर्षांच्या दोन नोंदण्यांपेक्षा ती स्वस्त पडते, शिवाय नूतनीकरण विसरण्याची भीती उरत नाही. विचार पक्का नसेल तर एका वर्षाची पुरे.

नाव नोंदल्या दिवसापासून दोन वर्षांत आयआयसीएची ऑनलाइन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ही दोन वर्षं नेमणुकीपासून मोजली जात नाहीत. पुष्कळ जण 'आधी बोर्ड मिळू दे, मग परीक्षा देऊ' म्हणतात आणि मुदत निघून जाते.

एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या कंपनीतून निवृत्त झालात तिथेच लगेच स्वतंत्र संचालक होता येणार नाही. नेमणुकीच्या वर्षाआधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्या कंपनीचा किंवा तिच्या होल्डिंग, उपकंपनी वा सहयोगी कंपनीचा कर्मचारी असलेला माणूस कलम १४९(६)नुसार स्वतंत्र ठरत नाही.

भोसरीतल्या आमच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये बारा वर्षं संचालक आहे, एका नागरी सहकारी बँकेवरही दोन वेळा संचालक होतो. परीक्षेतून सूट मिळेल ना? (कोथरूड)

या दोन्ही अनुभवांवर मिळणार नाही. पुण्यात हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सूट मिळते ती संचालक किंवा केएमपी, म्हणजे कंपनीतले प्रमुख अधिकारी (एमडी, सीईओ, सीएफओ, कंपनी सेक्रेटरी वगैरे) म्हणून किमान तीन वर्षं काम केलेल्यांना, पण कोणत्या कंपनीत हे नियमाने ठरवून दिलंय. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी चालते. नोंदलेली नसेल तर पब्लिक लिमिटेड हवी आणि भरणा झालेलं भागभांडवल १० कोटी किंवा जास्त हवं. परदेशी कंपनी असेल तर भांडवल २० लाख डॉलर किंवा जास्त. प्रायव्हेट लिमिटेड या यादीत नाही, मग तिची उलाढाल कितीही असो.

संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं, व्यापारी काम करणारं महामंडळही चालतं. सहकारी बँकेचे संचालक इथेच अडखळतात. एसटी महामंडळ कायद्याने स्थापन झालेलं आहे. नागरी सहकारी बँक सहकार कायद्याखाली नोंदली जाते, त्या कायद्याने ती जन्माला घातलेली नसते. त्यामुळे तो अनुभव कितीही मोलाचा असला तरी परीक्षेच्या या सवलतीसाठी धरला जात नाही.

एकाच वेळी दोन कंपन्यांवर असाल, तर तो काळ एकदाच मोजतात.

मी पंधरा वर्षं प्रॅक्टिस करणारी सीए आहे. मला परीक्षा माफ आहे, मग नोंदणी तरी का करायची? (सदाशिव पेठ)

कारण माफी फक्त परीक्षेची आहे. किमान दहा वर्षं प्रॅक्टिस झालेले सीए, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि वकील यांना परीक्षा नाही, पण डेटाबँकेत नाव सगळ्यांना लागतं. तुमच्या बाबतीत खरी अडचण दुसरीकडे येऊ शकते. तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक ज्या फर्ममध्ये भागीदार आहात ती फर्म गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्या कंपनीची किंवा तिच्या समूहातल्या कंपनीची ऑडिटर असेल, तर दार बंद. ऑडिट नसून सल्ल्याचं काम असेल, तर त्या कामाची रक्कम फर्मच्या एकूण उलाढालीच्या १० टक्के किंवा जास्त आहे का ते पाहतात. हो म्हणण्याआधी फर्मच्या क्लायंटची यादी काढून बसा.

परीक्षा कशी असते? मी इंजिनियर आहे, कायद्याचा अभ्यास कधी केलेला नाही. (औंध)

बहुपर्यायी प्रश्न, घरून, वेबकॅम आणि माइक चालू ठेवून. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के गुण लागतात. सुरुवातीला ६० टक्क्यांची अट होती, ती डिसेंबर २०२०मध्ये कमी झाली. कितीही वेळा देता येते. विषय कंपनी कायदा, सिक्युरिटीज कायदा आणि प्राथमिक लेखाशास्त्र. पोर्टलवर अभ्याससाहित्य आणि सराव चाचणी आहे, ती आधी सोडवा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे कॅमेरा अडू शकतो, घरचा वापरा.

कंपनी कायद्याची कलम १४९ ते १५२, १६४ ते १६७, १७३ ते १७८, १८४, १८८, १९७ आणि परिशिष्ट ४ मूळ मजकुरातून वाचा. नुसते नोट्स वाचणारे दोन कायद्यांच्या आकड्यांत फसतात. उदाहरणार्थ, कंपनी कायद्यात ऑडिट कमिटीत स्वतंत्र संचालकांचं बहुमत हवं, सेबीच्या लिस्टिंग नियमांत दोन-तृतीयांश. कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर एक-तृतीयांश स्वतंत्र संचालक पुरतात, पण अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रमोटर असेल तर सेबीला निम्मे लागतात. असे फरक एका कागदावर समोरासमोर मांडा. लेखाशास्त्रात रोख प्रवाह पत्रक आणि संभाव्य देणी यांना वेळ द्या. मंडळावर गेल्यावर उपयोगी पडतात तीही हीच पानं.

नोंदणी एका वर्षाची घेतली होती, मुदत गेल्या आठवड्यात संपली. आणि परीक्षेची मुदत चुकली तर? (हडपसर)

मुदत संपल्यापासून ३० दिवसांत नूतनीकरण करता येतं, आजच करून टाका. ते दिवस गेले की डेटाबँकेतून नाव काढलं जातं.

परीक्षेची दोन वर्षं चुकल्यामुळे नाव निघालं असेल, तर १,००० रुपये भरून ते परत घेता येतं. मात्र ते एक वर्षासाठी वेगळ्या गटात राहतं. त्या वर्षात उत्तीर्ण झालात तर आधी भरलेलं शुल्क त्याच्या मूळ मुदतीपर्यंत चालतं. नाही झालात तर नव्याने अर्ज.

उत्तीर्ण झाल्यावर परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, पण दरवर्षी करायचं काम आहेच. प्रत्येक आर्थिक वर्षातल्या मंडळाच्या पहिल्या सभेत स्वातंत्र्याचं डिक्लरेशन द्यायचं, सोबत डेटाबँक नोंदणीचं. हितसंबंधांचा एमबीपी-१ फॉर्म त्याच सभेत. मधेच परिस्थिती बदलली, समजा तुमच्या मुलाच्या फर्मला त्या कंपनीचं मोठं काम मिळालं, तर पुढच्या वर्षाची वाट न पाहता लगेच कळवायचं. डिनची केवायसी याहून वेगळी. ती राहिली तर डिन निष्क्रिय होतो आणि चालू करायला ५,००० रुपये लागतात.

सिटिंग फी किती मिळते? जीएसटी नोंदणी लागेल का? (बाणेर)

एका सभेला जास्तीत जास्त १ लाख. शेअर ऑप्शन घेता येत नाहीत. जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, कंपनी भरते, त्यामुळे फक्त या फीसाठी नोंदणी लागत नाही.

कंपनीत गडबड झाली तर घरादारावर येईल का, या भीतीने नातेवाईक नको म्हणतात. (बिबवेवाडी)

भीती रास्त आहे आणि त्यावर उपायही आहे. कलम १४९(१२)नुसार स्वतंत्र संचालक जबाबदार ठरतो तो त्याच्या माहितीत, मंडळाच्या कामकाजातून, संमतीने किंवा संगनमताने घडलेल्या गोष्टींसाठी, किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही म्हणून. 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हणून सुटता येत नाही. अजेंड्याचे कागद आले होते आणि वाचले नाहीत, तर ते तुमच्या माहितीत होतं असंच धरलं जाण्याचा धोका असतो.

सभेची नोटीस किमान सात दिवस आधी यायला हवी. कागद सभेच्या टेबलावरच हातात पडत असतील, तर तसं लेखी कळवा. सभेनंतर १५ दिवसांत मिनिट्सचा मसुदा येतो, त्यावर म्हणणं मांडायला सात दिवस असतात. विरोध केला असेल आणि तो मसुद्यात नसेल, तर याच सात दिवसांत ईमेल करा आणि ती ईमेल स्वतःच्या खात्यात जपा. कंपनीने दिलेलं खातं राजीनाम्यानंतर बंद होतं. बारा महिन्यांत एकाही सभेला गेला नाहीत तर रजा घेतलेली असली तरी पद आपोआप जातं. राजीनामा द्यायची वेळ आली तर खरं कारण लिहा. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलेलं पत्र पुढे चौकशीत उपयोगाला येत नाही. राजीनाम्याचा फॉर्म कंपनी स्वतः निबंधकाकडे भरते, पण तुम्हीही डीआयआर-११ हा फॉर्म भरून पत्राची प्रत त्यांना पाठवू शकता. कंपनीशी बिनसलेलं असेल तर तो भराच.