जुन्या वस्तऱ्याला नवी मूठ

प्रश्न : आजोबांचा शेफील्डचा वस्तरा सापडला. मूठ पिवळट, अर्धपारदर्शक आणि जागोजागी तडकलेली आहे. गंज आहे तो पात्याच्या मुठीत मिटणाऱ्या भागावरच. मूठ चिकटवून चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : चिकटवू नका. वर्णनावरून मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची दिसते आणि गंजही तिच्यामुळेच. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि ती शेजारचं पोलाद खाते. ही मूठ इतर वस्तऱ्यांजवळ ठेवू नका. विस्तवापासून तर लांबच ठेवा, भडकन पेटते. टाकण्याआधी तिचा आकार आणि भोकांच्या जागा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या.

रिव्हेटचं डोकं कानशीने घासा आणि बारीक पंचने ठोकून बाहेर काढा. मूठ उचकटू नका. मग भिंगाखाली धार बघा. चीर दिसली तर तिथेच थांबा, तिला इलाज नाही. पातं ठीक असेल तर लाकडी ठोकळ्यावर आडवं चिकटवा आणि तेल लावून ४००, ६००, १०००, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. बफिंग मशीन टाळा. पातळ धार क्षणात तापते, आणि निळी पडली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच म्हणून समजा. गंजाचे खोल खड्डे असले तर राहू द्या. पाठ घासून पातळ केलीत तर धारेचा कोनच बदलतो, कारण धार लावताना वस्तरा पाठीवरच टेकतो.

प्रश्न : शिसवाची मूठ बनवली, पण पातं मिटताना एका पट्टीला घासतं. – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक वेळा दोष भोकांचा किंवा शेवटच्या पाचरीचा, म्हणजे मुठीच्या टोकाला दोन्ही पट्ट्यांच्या मधे बसणाऱ्या तुकड्याचा असतो. दोन्ही पट्ट्या, साधारण ३ मिमी जाडीच्या, दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक चिकटवूनच १.६ मिमीची भोकं पाडायची. वेगवेगळी पाडली की ती हमखास तिरकी जातात. पाचर पात्याच्या बुडापेक्षा किंचित पातळ आणि दोन्ही बाजूंनी सारखी निमुळती हवी. एक बाजू जरा जास्त घासली गेली तरी पातं कलतं.

पक्कं रिव्हेट मारण्याआधी १.६ मिमीच्या नट-बोल्टवर जोडून पातं उघडून-मिटून बघा. टोक पाचरीला लागत नाही ना, धार खालून बाहेर डोकावत नाही ना, हे इथेच कळतं. पट्ट्यांच्या आतल्या बाजूलाही जवसाचं तेल जोडणीआधीच द्या आणि पूर्ण वाळू द्या. नंतर तिथे हात पोचत नाही आणि ओल धरली की पुन्हा गंज. शेवटी पितळी तार घालून दोन्हीकडे वायसर लावा, तार प्रत्येक बाजूला जेमतेम १ मिमी बाहेर ठेवा आणि गोल डोक्याच्या छोट्या हातोडीने हलके हलके, आलटून-पालटून ठोका. जोरात ठोकलं तर तार आत वाकते किंवा लाकूड चिरतं. पात्याचं भोक झिजून मोठं झालं असेल तर त्यात पितळेची बारीक नळी बसवा.

प्रश्न : धार कधी लावावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सगळ्यात शेवटी. आधी लावली तर ठोकाठोकीत जाते आणि बोटंही कापतात. दगड १०००, मग ४०००, ८००० आणि १२००० नंबरचे. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवून धारेकडे ढकलायचं. १००० वर संपूर्ण लांबीभर धार नीट बसल्याशिवाय पुढचा दगड घेऊ नका. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलट, पाठीकडे ओढायचं.