सहा-सात वर्षांचा लॅपटॉप खूप हळू चालतो. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवू की नवाच घेऊ?

आधी टास्क मॅनेजर (कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बघा. लॅपटॉप सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं 'डिस्क' १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर दोषी बहुधा जुनी हार्ड डिस्क आहे, प्रोसेसर बिचारा नुसता वाट बघत बसलेला असतो. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या) डिस्कमध्ये तबकडी फिरते, सुई इकडून तिकडे जाते, आणि छोट्या छोट्या फायली शोधण्यातच वेळ जातो. साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, शिवाय ही शोधाशोध जवळजवळ संपते. माझ्या जुन्या मशीनवर डेस्कटॉप यायच्या आत चहा पिऊन व्हायचा. आता कप भरायलाही वेळ मिळत नाही.

रॅम ४ जीबी असेल तर सोबत ८ करा.

घेण्याआधी मागचं झाकण उघडून जागा बघा. एम.टू खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) दिसली म्हणून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) चालेलच असं नाही, काही खाचा फक्त साटाच घेतात.

एक अडचण मात्र आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर विंडोज ११ बहुधा अधिकृतपणे चालणार नाही. मग विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, नाहीतर नवा घ्या.