देश नंतर ठरवा, आधी महिना आणि गुडघे

वाचकांचे प्रश्न : प्रवास

या महिन्यात बडोद्याहून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे : फिरायला कोणता देश चांगला? नुसत्या एवढ्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. कोण जाणार, कधी जाणार, काय खाणार आणि दिवसाकाठी किती पायी चालणार, हे कळले की अर्धे देश आपोआप गळून पडतात. ज्यांनी हा तपशील कळवला, त्यांची पत्रे आधी घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जण आहोत. नवरा-बायको, 14 वर्षांची मुलगी, 10 वर्षांचा मुलगा आणि 71 वर्षांच्या सासूबाई. शाळांना दिवाळीची 21 दिवसांची सुट्टी असते, त्यातले आठ दिवस काढता येतील. सगळे शाकाहारी, सासूबाई अंडेही खात नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात आणि मुलाला सापुताऱ्याच्या घाटातसुद्धा उलट्या होतात. भूतान की व्हिएतनाम, यावर घरात वाद चालू आहे. (दांडिया बाजार)

जेवणाचा विचार केला तर भूतान सोपे आहे. मिरची आणि चीजचे एमा दात्शी, बटाट्याचे केवा दात्शी आणि लाल भात तिथे जवळपास सगळीकडे मिळतात. व्हिसा लागत नाही. मोठ्यांना सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते, मुलांकडे पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला न्यावा लागतो. भारतीयांना माणशी दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना ते निम्मे आहे. तुमच्या मुलीचे शुल्क पूर्ण धरायचे. सात रात्रींचे चार जणांचे 33,600 आणि मुलाचे 4,200, म्हणजे 37,800 रुपये हॉटेल, गाडी आणि तिकिटांच्या वर जातील.

तरीही तुमच्या घरासाठी आम्ही भूतान सुचवणार नाही, आणि त्याचे कारण तुमच्याच पत्रात आहे. बागडोग्रा विमानतळाहून सीमेवरच्या जयगावपर्यंत गाडीने सुमारे चार तास आणि पुढे सीमेपलीकडच्या फुन्त्शोलिंगपासून थिंपूपर्यंत पाच तासांचा वळणांचा घाट. विमानाने थेट पारोला उतरलात तरी पुनाखाला जाताना 3,100 मीटरवरचा दोचुला घाट ओलांडावाच लागतो. सापुताऱ्याला ज्याचे पोट ढवळते, त्या मुलाचे निम्मे दिवस पिशवी हातात धरून जातील. ताक्तसांग मठाची चढण सासूबाईंना जमणार नाही. पावागडासारखा रोपवे तिथे नाही. घोडा मिळतो, पण तो साधारण अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो आणि उतरताना पायीच यावे लागते.

म्हणून व्हिएतनाम, पण फक्त उत्तरेकडचे. हा देश उत्तर-दक्षिण सुमारे 1,650 किलोमीटर लांब असल्याने एकाच आठवड्यात तिथे तीन ठिकाणी तीन हवा असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हनोईकडे पाऊस ओसरलेला आणि हवा सुखद असते. मध्यावर, दानांग, होई आन आणि ह्यूएकडे, नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो. होई आनची जुनी पेठ नदीकाठी असल्याने त्या दिवसांत तिथे पाणी शिरते. दिवाळीत विकल्या जाणाऱ्या बऱ्याच सहलींत दानांग-होई आन असतेच. तुम्ही ते सरळ काढायला सांगा.

चार रात्री हनोई, तीन रात्री निन्ह बिन्ह, एवढेच दोन मुक्काम ठेवा. दोन्हींमधला रस्ता सपाट आणि सुमारे दोन तासांचा आहे. निन्ह बिन्हजवळच्या चांग आनमध्ये वल्ह्याच्या होडीतून, गुहांमधून, तीनेक तासांची फेरी होते. एका होडीत चार पर्यटक बसतात, तेव्हा तुम्हाला दोन होड्या लागतील. गुहांचे छत काही जागी इतके खाली येते की वाकून बसावे लागते, हे सासूबाईंना आधीच सांगा. हांग मुआ टेकडीच्या सुमारे 500 पायऱ्या मुलांना चढू द्या, सासूबाईंनी खाली कमळाच्या तळ्यापाशी बसावे.

जेवणाची तयारी मात्र इथे नीट करावी लागेल. "मांस नको" म्हणून भागत नाही. फो या तिथल्या नूडल्स-सूपचा रस्सा बहुधा गोमांसाच्या हाडांचा असतो आणि भाजीतही माशाचा सॉस पडतो. लक्षात ठेवायचा शब्द आहे "चाय", म्हणजे बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण. पाटीवर हा शब्द असलेली खानावळ शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, तिथले बरेच लोक शाकाहार पाळतात आणि तेव्हा असे जेवण जास्त ठिकाणी मिळते. तारखा ठरवताना पंचांग पाहिलेत तर फायदाच होईल. बरोबर थेपले, भाकरवडी आणि मेतकूट असू द्या.

ई-व्हिसा प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही. एकवार प्रवेशाचे शुल्क माणशी 25 डॉलर आहे. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्त पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट पाहा. सर्वांत जास्त चुका नावात होतात. आपल्याकडे पासपोर्टवर नावापुढे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते आणि अर्जात ते गाळले जाते. पासपोर्टवर छापलेली अक्षरे जशीच्या तशी भरा. नाव जुळले नाही तर अहमदाबादच्या काउंटरवरच अडवतात, आणि दुरुस्तीसाठी बहुधा नवा अर्ज, नवे शुल्क.

प्रश्न : मी 66, पत्नी 62. दोघेही निवृत्त. सकाळी कमाटीबागेत फेरी, दुपारी थोडी झोप, संध्याकाळी पुन्हा फेरी, असा आमचा दिवस. युरोपची 12 दिवसांत सहा देशांची सहल घ्यावी का? (रावपुरा)

घेऊ नका. हॉटेल बदलण्याच्या प्रत्येक दिवशी अर्धा दिवस जातो : बॅगा भरायच्या, 11 वाजता खोली सोडायची आणि पुढची खोली दुपारी 3 नंतर मिळायची. पाच वेळा हॉटेल बदलले की अडीच दिवस गेले, आणि दुपारच्या झोपेची तर गोष्टच सोडा.

तुमच्या दिनक्रमाला स्वित्झर्लंड बसते. महाग आहे, हे आधीच सांगतो. पण सहा देशांचे पैसे एका देशावर खर्च केले तर परवडते. सहा रात्री इंटरलाकेन, पाच रात्री लुत्सर्न. स्विस ट्रॅव्हल पासवर रेल्वे, बस आणि तलावातल्या बोटी चालतात, लुत्सर्नजवळच्या रिगी डोंगराची गाडीही त्यातच येते. सकाळी बाहेर पडा, दीडपर्यंत परत या, संध्याकाळी पुन्हा बोटीत बसा.

युंगफ्राउयोख या बर्फाळ डोंगरावरच्या रेल्वे स्थानकाचे तिकीट मात्र इथून काढून जाऊ नका. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच चालतो, पुढे 25 टक्के सवलत मिळते आणि उरलेली रक्कम मोठी आहे. वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी शिखरावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहायचे, आभाळ मोकळे असेल तरच तिकीट काढायचे. इंटरलाकेनला सहा रात्री ठेवल्या आहेत त्या याचसाठी, की चांगल्या दिवसाची वाट पाहता यावी. ते ठिकाण 3,454 मीटरवर आहे. वर पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे हळू चाला, आणि हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. रविवारी मोठ्या स्थानकांतली सोडून बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून भाजी-दूध शनिवारीच आणून ठेवा. फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, त्यामुळे खोली ठरवताना मजला विचाराच.

महिना जून अखेर ते सप्टेंबर. नोव्हेंबरात डोंगरावरचे अनेक रोपवे दुरुस्तीसाठी बंद असतात. स्वित्झर्लंडसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क 90 युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क. प्रवासी विमा किमान 30,000 युरोचा हवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुलाने तुमच्या खात्यात मोठी रक्कम टाकू नये, त्याने शंका येते. मुलगा खर्च करणार असेल तर त्याचे पत्र आणि त्याचे बँक विवरण जोडा.

प्रश्न : वय 29, एकटीच जाणार आहे. रेल्वे, संग्रहालये आणि भरपूर चालणे आवडते. मार्चमध्ये जपानला जावे म्हणते. सगळे रेल्वे पास घ्यायला सांगतात. (अलकापुरी)

जपान तुमच्यासाठीच आहे. पास मात्र घेऊ नका. सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून 50,000 येन झाला. तोक्यो ते क्योतो शिंकान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) एकेरी भाडे सुमारे 14,000 येन आहे, म्हणजे जाऊन-येऊनही 28,000 च. हिरोशिमापर्यंत जाऊन परत तोक्योला येणार असाल तरच हिशेब पुन्हा मांडा. क्योतोला जाताना साध्या डब्यात "ई" आसन मागा, आकाश स्वच्छ असेल तर पाऊण तासाने उजवीकडे फुजी दिसतो.

मोठी बॅग हॉटेलातून पुढच्या हॉटेलला पाठवण्याची सोय आहे, बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे आणि पासपोर्ट जवळ ठेवा. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी. शाकाहारी असाल तर "दाशी" हा शब्द पाठ करा. ते सुक्या माशाचे पाणी असते, आणि साध्या दिसणाऱ्या सूप-नूडल्समध्येही ते पडलेले असते. मार्चच्या शेवटी चेरी फुलायला लागते आणि खोल्यांचे दर चढतात. फुलांसाठी जायचे नसेल तर महिन्याचा पहिला पंधरवडा बरा.

प्रश्न : वय 64, ऑगस्टमध्ये केनियाला मसाई मारा पाहायला जायचे आहे. पीतज्वराची लस घ्यावीच लागते का? (कारेलीबाग)

महिना योग्य निवडलात, जुलै ते ऑक्टोबर हे वाइल्डबीस्ट या शिंगांच्या चरणाऱ्या प्राण्यांचे कळप तिथे असण्याचे दिवस. लसीचा दाखला भारतात परत येताना मागतात, आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो, म्हणून विमानाचे पैसे भरण्याआधी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर तेही सांगा. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, तेव्हा कपडे कापडी पिशव्यांत भरा. लसीचे पिवळे कार्ड पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ प्रतच लागते.