इकारसच्या बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या

"मॅडम, बाप स्वतःचीच पोरं गिळतो, असलं वाचतोय हा. तेही आवडीनं!" ग्रीक पुराणकथांचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवत आई म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सातवीतल्या मुलाला रात्री झोप लागत नव्हती आणि खापर पुस्तकावर फुटलं होतं.

मी विचारलं, "गोकुळाष्टमीला कंसाची गोष्ट सांगता ना त्याला?" देवकीची बाळं मारणारा मामा आपल्याकडे बालवाडीपासून चालतो. पोरं गिळणाऱ्या त्या ग्रीक बापाला, क्रोनसलाही, कंसासारखीच भविष्यवाणीची धास्ती: पोटचं पोरच आपल्याला पदावरून खाली खेचणार. आणि मुलं त्यात हसतात कुठे, तर त्याच्या बायकोनं, रियानं, कापडात गुंडाळलेला दगड तो बाळ समजून गिळतो तिथे! अगदी लहानांसाठी मात्र पुस्तक निवडूनच घ्यावं. देवांनी मुली पळवून नेल्याच्या कथा तर मोठ्यांनी सोबत बसूनच वाचाव्यात.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. आवडती गोष्ट कोणती? "इकारस." म्हणजे बाबांनी पिसं मेणानं चिकटवून केलेले पंख लावून उडणारा मुलगा. आता 'मोठ्यांचं ऐकावं' हे तात्पर्य येणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "सगळे म्हणतात, तो फार वर गेला, मेण वितळलं आणि समुद्रात पडला. पण त्याच्या बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. फार खालूनही उडू नकोस, पाण्यानं पिसं जड होतील. म्हणजे मधून उड. माझे बाबा फक्त वर जा म्हणतात."

स्कॉलरशिपचा क्लास, ऑलिंपियाडचा क्लास, रविवारी टेस्ट. झोप कुठे गेली होती ते कळलं.

पुढच्या वेळी वडिलांना बोलावलं. मुलाला शेजारी बसवून ओव्हिड या रोमन कवीनं सांगितलेला एक प्रसंग त्यांना ऐकवला: इकारसच्या खांद्यांना पंख बांधताना त्याच्या बाबांचे, डेडॅलसचे, हात थरथरत होते, गाल भिजले होते. वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझं शिक्षण अर्धवट राहिलं हो. याचं तसं होईल, याची भीती वाटते." मुलानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाबा घाबरतात हे त्याला आजच कळत होतं.

एक क्लास बंद झालाय. दुसऱ्यावरून अजून घासाघीस चालू आहे. परवा वडिलांचा फोन आला, "मॅडम, हा म्हणतो, बैलाच्या डोक्याच्या राक्षसाला, मिनोटॉरला, कोंडायचा तो चक्रव्यूह याच डेडॅलसनं बांधला. खरं का?"

खरं आहे, म्हटलं.