वाचकांचे प्रश्न: पिक्चर अडकतोय, पण नेमका कुठं?

टीव्हीला कॉम्प्युटर जोडून घरातच थिएटर केलेल्यांची बरीच पत्रं साठली होती, आणि जवळजवळ सगळ्यांत एकच वाक्य, व्हिडिओ अडकतोय. पण अडकणं एका जातीचं नसतं हो. कुणाचं चित्र थांबतं आणि आवाज पुढं जातो, कुणाचं दोन्ही थांबून गोल चक्र फिरतं, कुणाचं काहीच थांबत नाही पण कॅमेरा बाजूला वळला की बारीक झटके बसतात. फाइल डिस्कवरून नाहीतर वायफायवरून येते, मग कॉम्प्युटर ती उलगडतो, मग टीव्ही दाखवतो, या तीन जागांपैकी कुठं माल अडतोय ते कळल्याशिवाय एक रुपयाही घालू नका अशी माझी सगळ्यांना विनंती आहे, कारण पत्रं वाचताना सारखं दिसतंय की लोकांनी आधी पैसे घातलेत आणि मग विचारलंय.

प्रश्न: सर नमस्कार. ऑफिसातनं निघालेला जुना पीसी घेतलाय, आय फाइव्ह चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, एसएसडी घातलीय, एचडीएमआयनं ४३ इंची फोर के टीव्हीला जोडलाय. जुने पिक्चर झकास चालतात. पण भाच्याच्या लग्नाचं शूटिंग मुलीनं तिच्या नवीन फोनवर केलंय, निपाणीला लग्न होतं, ते लावलं की हळदीच्या ठिकाणी चित्र थांबतंय आणि आवाज तसाच पुढं जाऊलाय, मग चित्र एकदम पळत येऊन गाठतंय. दुकानदार म्हणूलाय रॅम १६ करा. करू काय? (वडगाव, बेळगाव)

नको. रॅमचा इथं काही दोष नाही, ८ जीबी व्हिडिओला भरपूर झालं.

तुम्ही जे लिहिलंय ना, आवाज पुढं जातोय आणि चित्र पळत येऊन गाठतंय, त्यातच सगळं आलंय. आवाज उलगडायला कॉम्प्युटरला काहीच कष्ट पडत नाहीत म्हणून तो वेळेवर चालतो, चित्र मागं पडतं, आणि मग प्लेयर उशीर झालेल्या फ्रेम्स, म्हणजे एकेक सुटी चित्रं, सरळ टाकून देतो आणि आवाजाला गाठतो. म्हणजे फाइल वेळेवर येतीय, उलगडताना दम लागतोय.

का लागतोय ते सांगतो. जुने पिक्चर बहुतेक एच २६४ या पद्धतीनं दाबून भरलेले असतात, आणि ते उलगडायचं काम तुमच्या प्रोसेसरच्या आत वेगळी चिप करते, मुख्य प्रोसेसर निवांत असतो. नवीन फोन मात्र शूटिंग एचईव्हीसीमध्ये करतात, त्याला एच २६५ पण म्हणतात. जागा कमी लागते पण उलगडायला फार जड. इंटेलनं त्याची पूर्ण सोय सहाव्या जनरेशनपासून म्हणजे २०१५ पासून दिली, १० बिटची, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या एचईव्हीसीची, तर सातव्यापासून. तुमची चौथी जनरेशन २०१३ ची. म्हणून सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, आणि हळदीत सगळे हलतायत, हात हलतायत, अशा ठिकाणी तो भार एकदम वाढतो. नवरा-नवरी नुसते बसलेत तिथं तीच फाइल बरी चालत असेल, बघा की एकदा.

खात्री करायची तर व्हिडिओ छोट्या विंडोत चालू ठेवा, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयू म्हणजे मुख्य प्रोसेसर नव्वद टक्क्यांच्या वर आणि जीपीयू म्हणजे ग्राफिक्सच्या भागाखालचा व्हिडिओ डीकोडचा आलेख तळाला पडलेला असेल तर मी म्हणतोय तेच. व्हीएलसी प्लेयर वापरत असाल तर कंट्रोल जे दाबा, कोडेकचं म्हणजे दाबून भरायच्या पद्धतीचं नाव दिसेल, आणि शेजारच्या स्टॅटिस्टिक्समध्ये हरवलेल्या फ्रेम्सचा आकडा वाढताना डोळ्यांनी दिसेल. कोडी नावाच्या प्लेयरमध्ये बघत असाल तर चालू पिक्चरवर ओ हे बटण दाबा, डीकोडरच्या नावापुढं एसडब्ल्यू आलं तर प्रोसेसर राबतोय, एचडब्ल्यू आलं तर चिप.

मात्र त्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अडॅप्टरखाली काय नाव आहे ते वाचा. तिथं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं दिसलं तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बसलेला नाही. जुन्या पीसीत विंडोज नव्यानं टाकली की हे नेहमी राहून जातं, आणि मग एच २६४ सुद्धा चिपकडं जात नाही. तुमचे जुने पिक्चर नीट चालतायत म्हणजे बहुतेक ठीक असेल, पण हे बघायला अर्धा मिनिट लागतो आणि फुकट आहे.

आता उपाय. बिनपैशाचा म्हणजे हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर, त्यात लग्नाच्या क्लिप्स एच २६४, १०८० पीमध्ये म्हणजे फुल एचडीत करून घ्या. तुमच्या पीसीवर वेळ लागेल, रात्री लावून झोपा. मूळ फाइल्स मात्र डिलीट करू नका हो, दोन जागी जपून ठेवा, लग्न परत होणार नाही. मुलीचा फोन आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कम्पॅटिबल ठेवलं की पुढचं शूटिंग एच २६४ मध्येच येईल.

पैसे घालायचेच असले तर रॅमऐवजी जीटी १०३० सारखं छोटं कार्ड घाला, त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही आणि ते १० बिट एचईव्हीसी उलगडतं. दुकानात स्वस्त म्हणून जीटी ७१० किंवा ७३० पुढं करतील, ते घेऊ नका, त्यात एचईव्हीसीची सोय नाही, पैसे जातील आणि हळद तिथंच अडकेल. तुमची पेटी बुटकी असेल तर लो प्रोफाइल पट्टीचं कार्ड मागा, नाहीतर झाकण बसणार नाही.

आणखी एक, चौथ्या जनरेशनच्या बोर्डावरचा एचडीएमआय १.४ चा असतो. त्यातनं फोर के ३० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या, वर जात नाही. माउस हलवला की तो तुटक तुटक सरकतोय असं वाटत असेल तर हेच कारण. कार्ड घेईपर्यंत विंडोजमध्ये रिझोल्युशन १०८० पी आणि ६० हर्ट्झ ठेवा, मोठं करून दाखवायचं काम टीव्ही छान करतो.

प्रश्न: आमच्या गल्लीच्या मंडळाच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या जुन्या कॅसेट्स आम्ही डीव्हीडीवर करून घेतल्या. टीव्हीवर चित्ररथ पुढं सरकताना कडांना कंगव्यासारख्या रेषा दिसतात आणि कॅमेरा फिरला की झटके. कॉम्प्युटर नवीन आहे, सीपीयू दहा टक्के पण नाही. कॅसेटच खराब झाल्या असतील काय? (शहापूर, बेळगाव)

कॅसेट खराब नाहीत, मन खट्टू करून घेऊ नका. हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण ज्यांच्याकडं वैशाखातल्या त्या मिरवणुकीचं जुनं शूटिंग आहे त्यांनी ते जपलंच पाहिजे, आणि बरेच जण असल्या रेषा बघून कॅसेट गेली म्हणून टाकून देतात.

आपल्याकडं टीव्हीची पाल पद्धत होती, सेकंदाला २५ फ्रेम्स. पण जुना कॅमेरा एक फ्रेम एका दमात घेत नव्हता, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या ओळी, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम्स. जुन्या डब्बा टीव्हीवर त्या तशाच एकामागनं एक दिसायच्या. आताचा टीव्ही पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, त्यामुळं दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकात एक घुसतात, आणि तेवढ्यात रथ थोडा पुढं गेलेला असतो, त्या तुमच्या कंगव्याच्या रेषा. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमध्ये डीइंटरलेस चालू करा आणि मोडमध्ये याडिफ २ एक्स निवडा. साधा याडिफ नको, २ एक्सच घ्या, तो पन्नासच्या पन्नास क्षण वेगळे करून दाखवतो आणि लेझीमचे हात एकदम जिवंत दिसायला लागतात.

आता झटक्यांचं. विंडोज टीव्हीला ६० हर्ट्झवर चालवते. पन्नास चित्रं साठ जागांत बसवायची म्हणजे दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं, सेकंदाला दहा वेळा ही ठेच लागते, आणि कॅमेरा बाजूला फिरतो तेव्हा ती डोळ्याला टोचते. विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन ५० हर्ट्झ करा, आपल्याकडं विकले जाणारे टीव्ही ते घेतात. एवढ्यानं फरक बघा, मला लिहून कळवा.

परदेशी पिक्चरचं पण असंच, ते सेकंदाला २४, नेमकं बोलायचं तर २३.९७६ फ्रेम्सचे, त्यांना साठमध्ये बसवताना एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा असं करावं लागतं. टीव्ही २४ वर ठेवला आणि पिक्चर २३.९७६ चा असला तरी साधारण ४२ सेकंदांनी एक फ्रेम डबल होते, एवढा बारीक हिशेब आहे हा. दर वेळी हातानं बदलत बसण्यापेक्षा कोडी वापरा, त्यात सेटिंग्ज, प्लेयर, व्हिडिओजमध्ये ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट ऑन स्टार्ट स्टॉप करून ठेवा, पिक्चर लावला की टीव्ही आपोआप त्याच्या तालावर येतो.

डीव्हीडी करून झाल्या म्हणून कॅसेट देऊन टाकू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, कोरड्या डब्यात उभ्या ठेवा.

प्रश्न: पिक्चर पहिली वीस-पंचवीस मिनिटं मस्त चालतो मग अडकायला लागतो. बंद करून जेवून आलो की परत मस्त. व्हायरस असेल काय? पीसी टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात आहे. (खानापूर तालुका)

व्हायरस जेवणाची वाट बघत नाही दादा, पीसी तापतोय. प्रोसेसर ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मग व्हिडिओला ताकद पुरत नाही. आज रात्री फक्त काचेचं दार उघडं ठेवून बघा. वीस मिनिटांचे चाळीस झाले तर निदान पक्कं.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्याच तालुक्यातल्या एका घरी असाच पीसी उघडला होता मी. पंखा फिरत होता, आवाज पण नॉर्मल, पण पंखा काढल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तांबड्या मातीचा थर, घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला हातात. वरनं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. म्हणून नुसतं झाकण उघडून फुंकर मारू नका. वायर काढा, पंखा सोडवा, रंगाच्या कोरड्या ब्रशनं पट्ट्या साफ करा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. पंख्यासोबत पट्ट्यांचा ठोकळा पण निघाला असेल तर प्रोसेसरवरची उष्णता ठोकळ्याकडं नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून हरभऱ्याएवढी नवीन लावा, जास्त नको. आणि कपाटाच्या मागच्या फळीला सुताराकडनं वर-खाली दोन मोठी भोकं पाडून घ्या, गरम हवा वरनं जाईल, गार खालनं येईल. दर सहा महिन्यांनी साफ करा, रस्त्याकडेला घर असेल तर तीन.

प्रश्न: खालच्या खोलीतल्या हार्ड डिस्कवरचे फोर के पिक्चर वरच्या मजल्यावर वायफायनं बघतो. चित्र, आवाज दोन्ही थांबून चक्र फिरतं. (चिक्कोडी)

दोन्ही थांबतंय म्हणजे माल वेळेवर येत नाही. एक पिक्चर वरच्या कॉम्प्युटरवर कॉपी करून तिथनंच लावा, नीट चालला तर रस्ता खराब, कॉम्प्युटर चांगला. फोर के ब्ल्यूरेच्या मूळ फाइल्स मधेच सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर उडी मारतात, आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय स्लॅबमधनं जाताना तेवढं देत नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगानं जास्त पण भिंतीपुढं आणखी कच्चं. कॅट ५ ई किंवा ६ ची लॅन वायर जिन्यातनं ओढून घ्या, हजारभराचं काम असेल नसेल. फक्त आठही तारा क्लिपमध्ये बसवून घ्या, काही जण चारच बसवतात आणि मग वेग सेकंदाला शंभर मेगाबिटवर अडतो. राउटरचं पोर्ट पण गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिटचं आहे का ते बघून घ्या, साध्या राउटरला बऱ्याचदा शंभरचंच असतं.

प्रश्न: फाइल्स चांगल्या चालतात, फक्त यूट्यूब फोर केला अडकतं. प्रोसेसर आठवी जनरेशन. (निपाणी)

व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. कोडेकपुढं एव्ही ०१ दिसलं तर तो एव्ही १, व्हिडिओ दाबून भरायची आणखी नवी पद्धत, इंटेलमध्ये त्याची सोय अकराव्या जनरेशनपासून आहे. १०८० पीवर बघा, बैठकीच्या खोलीतल्या अंतरावरनं फारसा फरक जाणवत नाही. व्हीपी ०९ ही आधीची पद्धत दिसली आणि तरी अडकत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद पडलंय का ते तपासा, चालू करून ब्राउझर एकदा पूर्ण बंद करून उघडा.